कू दीर्घ

राऊच्या पुढे, महूच्या रस्त्याला डावीकडे
चिंचणकर सरदारांची बाग.
तिकीट वीस रुपये, म्हाताऱ्यांना दहा.
खिडकीतला पोरगा म्हणाला, अंकल, आधार?
बाबांनी टोपी काढून टक्कल दाखवलं.

दसरा उलटून आठ दिवस झालेत.
शिवारात सोयाबीन कापून पडलंय,
त्याचा कोरडा, भाजक्या पापडासारखा वास
कुंपणापर्यंत येतो नि तिथेच थबकतो,
कारण आत सातवीण फुललीय
आणि ती दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

पाट सुके. कारंज्यावरच्या चिनीमातीच्या बदकाला
चोच नाही. हौदाच्या तळाशी शेवेच्या रिकाम्या पुड्या.
ऊन तिरपं चालायला लागलंय,
फरसबंदीच्या प्रत्येक फटीला आता
स्वतःची सावली आहे.

बाबा इथे नोकरीला होते. अठराव्या वर्षी,
बरं अक्षर एवढ्याच भांडवलावर.
काम: झाडांच्या नावाच्या पाट्या.
जस्ताचा पत्रा, खिळा, हातोडी,
ठिपक्याला ठिपका ठोकत एकेक अक्षर.
तीनशे बारा झाडं.
काटेसावर. रिठा. मुचकुंद. विलायती शिरीष.
रात्री बोटं वळायची नाहीत,
मग तुझी आई भरवायची, असं सांगतात
आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी लाजतात.

एका पाटीवर कामदार चिडले.
बकुळीला हा एवढा मोठा उकार कशाला?
झाडाला शेपूट लावायचंय?
बारा आणे कापले.
पाटी मात्र बदलली नाही, पत्रा महाग होता.

ती पाटी बघायला आलोय आम्ही.
घरी सांगितलंय, बागेत फिरायला.

गुलाबाचे वाफे गेले, तिथे लग्नांसाठी लॉन.
मांडवाचे बांबू रचलेले, शेजारी खुर्चीत
गळ्यात वायरचं भेंडोळं घालून झोपलेला माणूस.
बाबा काठीनं झाडं मोजत चालतात,
चुकले की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून.
मी मध्ये बोलत नाही.
शाळेत माझ्या मराठीच्या शेवटच्या वर्गात
सहा मुलं होती,
तीही अशीच वाचायची, अडखळून, परत ओळ धरून.
थांबायचं कसं ते तिथे शिकले.

सापडली.
झाडानं गिळलीय.
दोन्ही बाजूंनी साल ओठांसारखी चढत आली,
ब आत गेला, ळ आत गेला,
मधला बोटभर पत्रा तेवढा उघडा
आणि त्यावर, ठिपका न् ठिपका शाबूत:

कू

त्यांनी अंगठा ठेवला,
आधी झाकायला, मग नुसताच.
नेमकं हेच ठेवलंस, म्हणाले. झाडाला.
तेवढ्यात मांडवाच्या बांबूंमागून
माळ्याची पोरं लपाछपी खेळत होती त्यातलं एक
ओरडलं, कूऽऽक!
बाबांनी दचकून पाटीकडे पाहिलं
आणि इतके हसले
की कवळी हातानं धरावी लागली.

परतताना रिक्षात मी सांगून टाकलं.
बाबा, बकूळ दीर्घच लिहितात.
अकारान्त शब्द, शेवटून दुसरं अक्षर. नियम आहे.

बाहेर सोयाबीनचा भुसा उडत होता.
ते काही बोलले नाहीत.
राऊचा चौक आला, रिक्षावाला उतरून
जिरावण जास्त टाकायला सांगत पोहे खायला लागला.

तुला कधीपासून माहीत?
कॉलेजपासून.
हं.

गाडीवरचं एक सीताफळ त्यांनी उचललं,
डोळे उघडलेत का ते अंगठ्यानं पाहिलं,
त्याच अंगठ्यानं, आणि परत ठेवलं.

बारा आणे, म्हणाले,
म्हणजे दोघांचा सिनेमा होता गं.
तुझी आई वेणी माळून बसली होती.